बेल्टवर चालणारा रोलर कन्व्हेयर : बेल्टची चाल चालू असतानाच दिसते, मग तो सुरक्षितपणे जुळवायचा कसा?

दिंडोरी_पॅकहाउस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये पॅकिंग टेबलांपासून प्रीकूलिंगच्या (फळ थंड करण्याच्या खोलीच्या) दारापर्यंत खोकी वाहून नेणारा रोलर कन्व्हेयर आहे. वरच्या रोलरांना स्वतंत्र मोटर नाही. त्यांच्या खालून २०० मिमी रुंदीचा सपाट पीव्हीसी बेल्ट धावतो, दाब-रोलर तो बेल्ट वरच्या रोलरांना खालून टेकवून धरतात आणि त्या घर्षणावर रोलर फिरून खोकी पुढे सरकतात.

सध्या दोन अडचणी आहेत. परतीचा बेल्ट शेवटच्या पुलीकडे येताना डावीकडे सरकून चॅनेलला (सांगाड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीला) घासतो आणि त्याच्या कडेचे धागे निघू लागले आहेत. दुसरे म्हणजे दाराअलीकडच्या भागात भरलेली खोकी मध्येच थबकतात आणि मागची खोकी त्यांना ढकलतात. आमच्या फिटरांचे म्हणणे असे, की गार्ड काढून, बेल्ट चालू ठेवूनच बोल्ट फिरवावे लागतील, कारण बंद बेल्ट कोणत्या बाजूला जातो हे कळायला मार्ग नाही. त्यांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. तरीही उघड्या पुलीपाशी पाना धरलेला हात जावा, ही कल्पना मला मान्य नाही. हंगाम भरात असल्यामुळे लाइन दिवसभर बंद ठेवणेही अवघड आहे. ज्यांनी असे कन्व्हेयर सांभाळले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सातपूरचा_फिटर

पाना हातात घेण्याआधी गार्डच्या बाहेर उभे राहून एक परीक्षा करा. लाइन बंद असताना बेल्टच्या जोडाजवळ खडूची ठळक खूण करा, मग लाइन रिकामी चालवून बेल्टच्या काही पूर्ण फेऱ्या होऊ द्या. बेल्टचा एकच ठराविक तुकडा जाईल तिथे बाजूला सरकत असेल, तर दोष बेल्टमध्ये आहे, म्हणजे जोड काटकोनात बसलेला नाही किंवा बेल्ट त्या जागी ताणून वाकडा झाला आहे. मात्र बेल्टचा प्रत्येक भाग एका विशिष्ट ठिकाणी आला की डावीकडे जात असेल, तर दोष त्या ठिकाणाच्या आधीच्या रोलरांमध्ये किंवा सांगाड्यात शोधावा लागतो.

हे ‘आधीचे’ रोलर ओळखताना नवीन मुलांची फार गफलत होते. वरच्या रोलरांना टेकणारी बेल्टची बाजू खोक्यांच्या उलट दिशेने धावते आणि खालची परतीची बाजू खोक्यांच्या दिशेने धावते. खोकी ज्या बाजूने येतात त्याच बाजूला कारण शोधत बसलात, तर वरच्या बाजूच्या दोषासाठी तुम्ही नेमका चुकीच्या टोकाचा रोलर फिरवाल. रोलर तिरका असेल, तर बेल्ट त्याच्या ज्या टोकाला आधी टेकतो त्या टोकाकडे सरकतो, हा नियम लक्षात ठेवला की कोणता बोल्ट कोणीकडे फिरवायचा हे कागदावरच ठरवता येते.

बोल्टाला हात लावण्याआधी आणखी तीन गोष्टी तपासा. सांगाडा आडव्या दिशेने लेव्हलमध्ये आहे का, प्रत्येक भागाचे दोन्ही कर्ण सारखे भरतात का, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या दोरीला चॅनेल समांतर आहे का. फोर्कलिफ्टचा एखादा धक्का लागून पाया सरकलेला असतो आणि माणसे मात्र बोल्ट पिळत राहतात.

अनघा_पु

‘स्नब रोलर’ नेमका कोणता, हे कोणी सांगेल का? पुस्तिकेत तो शब्द वारंवार येतो आणि आमच्या लाइनवर त्याला कोणी त्या नावाने ओळखत नाही.

सातपूरचा_फिटर

@अनघा_पु, पुलीच्या अगदी जवळ, परतीच्या बाजूला असलेला जो रोलर बेल्टला आत दाबून पुलीभोवतीची मिठी वाढवतो, तो स्नब रोलर. त्याच्या दोन्ही टोकांना सरकवता येणाऱ्या खाचा असतात. बेल्टची चाल सुधारण्यासाठी मी आधी परतीचे रोलर आणि स्नब रोलर यांच्याकडे जातो. ताण देणाऱ्या टेक-अपचे बोल्ट दोन्ही बाजूंना सारखे ठेवावेत, कारण ते ताणासाठी आहेत. एका बाजूचा टेक-अप जास्त ओढून बेल्ट मध्यावर आणण्याची सवय वाईट आहे. त्यामुळे बेल्टची एक कड कायमची लांबते, शाफ्ट वाकतो, बेअरिंग गरम होते, आणि पुढे गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल झिरपू लागते. पूर्ण भार असताना ड्राइव्ह पुली बेल्टखाली घसरणार नाही, इतकाच ताण पुरे असतो.

सुरक्षा_अधिकारी_नाशिक

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे. मी कायद्याची बाजू मांडतो, कारण फिटरांशी बोलताना धागाकर्त्यांना तिचा उपयोग होईल.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ नुसार यंत्राच्या धोकादायक भागांना गार्ड असणे आणि यंत्र चालू असेपर्यंत ते जागेवर असणे बंधनकारक होते. कलम २२ मध्ये चालू यंत्राजवळच्या कामाला मर्यादित मुभा होती. तपासणी, किंवा त्या तपासणीतून निघालेले तेल देण्याचे व जुळवणीचे काम यंत्र चालू असतानाच करणे आवश्यक असेल, तर ते विशेष प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच करायचे. त्याला अंगाला घट्ट बसणारे कपडे मालकाने पुरवायचे आणि त्याचे नाव नोंदवहीत असायला हवे. याच कलमात आणखी एक अट होती. चालू पुलीपाशी बेल्ट हाताळायचा असेल, तर त्याची रुंदी १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, जोड लेस केलेला (वादीने शिवलेला) किंवा बेल्टच्या पातळीत असावा, आणि उभे राहायला पक्का आधार असावा. धागाकर्त्यांचा बेल्ट २०० मिमीचा आहे, त्यामुळे चालू पुलीपाशी तो हाताळण्याचा प्रश्नच उरत नाही.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा जुना कायदा सामावून घेतलेला आहे आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तरी कलम २२ च्या अटी वाचून पाहाव्यात, कारण त्यांतील प्रत्येक अट विशिष्ट प्रकारच्या अपघाताकडे बोट दाखवते.

देखभाल_वैदेही

वरील माहितीबद्दल आभार, पण कलम २२ चा आधार घेऊन ‘प्रशिक्षित माणूस असेल तर चालू यंत्रावर काम चालेल’ असा अर्थ कोणी काढू नये, असे मला कळकळीने वाटते. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, इजा होण्याचा धोका असेल तिथे, चालू यंत्राचे भाग साफ करणे, त्यांना तेल देणे किंवा ते जुळवणे या कामांना महिलांना आणि अल्पवयीनांना मनाई केली होती. मी रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यात देखभाल विभाग सांभाळते आणि मला हा भेद पटत नाही. बेल्ट आणि पुलीच्या मधल्या चिमट्याला हात कोणाचा आहे हे कळत नाही. जे काम माझ्यासाठी धोक्याचे आहे, ते माझ्या पुरुष सहकाऱ्यासाठीही तितकेच धोक्याचे आहे.

यावरचा उपाय यंत्राच्या रचनेत आहे. चाल जुळवण्याचे बोल्ट लांब करून त्यांची टोके गार्डच्या बाहेर काढा. बहुतेक फॅब्रिकेटर हे काम दोन शिफ्टच्या मधल्या वेळेत करून देतात. गार्ड पत्र्याऐवजी जाळीचा ठेवा, म्हणजे बेल्टची कड बाहेरूनच दिसते. जाळी निवडताना छिद्राचे माप आणि अंतर यांचा मेळ घालावा लागतो. आयएसओ १३८५७ (सुरक्षित अंतरांचे आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे १२ ते २० मिमीच्या छिद्रासाठी जाळी धोक्याच्या जागेपासून किमान १२० मिमी दूर हवी. छिद्रे मोठी आणि जाळी पुलीला चिकटून असेल, तर बोट आत जाते आणि गार्ड असूनही नसल्यासारखा होतो.

एवढे केले की धागाकर्त्यांच्या फिटरांची अडचण सुटते. बेल्ट चालू असतानाच पाहायचा आणि बोल्टही चालू असताना फिरवायचा, पण दोन्ही गोष्टी गार्डच्या बाहेरून करायच्या.

सातपूरचा_फिटर

@देखभाल_वैदेही, बोल्ट बाहेर काढण्याची सूचना शंभर टक्के मान्य. मात्र त्यात एक भर घालतो. बोल्ट हाताशी आला की माणसाला घाई सुटते. पाव फेरी फिरवली, फरक दिसला नाही, की लगेच आणखी अर्धी फेरी दिली जाते. रोलर हलवल्याचा परिणाम त्याच्या पुढच्या लांबीवर हळूहळू उमटतो आणि स्थिर व्हायला बेल्टच्या अनेक फेऱ्या जाव्या लागतात. म्हणून एका वेळी एकच रोलर, पाव फेरीपेक्षा जास्त नाही, मूळ जागेची खूण आधी रंगाने करून ठेवायची, आणि चॅनेल घासत नसेल तर थोडा वेळ लाइनकडे नुसते बघत राहायचे. चाल बसली की लॉकनट घट्ट करताना बोल्ट सोबत फिरत नाही ना, हेही पाहावे.

ओहायोतला_नगरकर

मी इकडे एका गोदामाच्या कन्व्हेयर देखभालीत आहे. जुन्या लाइनवर बोल्ट बाहेर काढणे लगेच शक्य नसेल, तर काय करायचे याची एक पद्धत अमेरिकेच्या कुलूप-आणि-पाटीच्या (वीज तोडून तिथे कुलूप व सूचनेची पाटी लावण्याच्या) नियमात दिलेली आहे. हा नियम १९९० पासून लागू आहे आणि त्यात चाचणीसाठी यंत्र तात्पुरते चालू करण्याचा क्रम स्पष्ट लिहिला आहे. आधी हत्यारे व सुटे सामान बाजूला करायचे, मग माणसे बाजूला करायची, त्यानंतर कुलपे काढून वीज द्यायची आणि बेल्टची चाल दुरून पाहायची. पाहून झाले की वीज पुन्हा तोडायची, कुलपे पुन्हा लावायची आणि मगच पुढचा बोल्ट फिरवायचा.

ऐकायला हे कंटाळवाणे वाटते, पण आमच्याकडे याच पद्धतीने जुळवणी होते. एक जण पॅनेलपाशी, एक जण बेल्टपाशी असे ठरलेले असते. प्रत्येक जण स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. दुसऱ्याच्या कुलपावर विसंबून कोणी हात आत घालत नाही. धागाकर्त्यांच्या लाइनवर दोन-तीन बोल्टांचेच काम असेल, तर या पद्धतीला फार वेळ लागणार नाही.

विद्युत_पर्यवेक्षक

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती उघड लिहितो. इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण दाबणे किंवा दोरी-स्विच ओढणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. ते नियंत्रण-मंडल थांबवते, पण मोटरकडे जाणारी मुख्य वीज पॅनेलमध्ये तशीच असू शकते. कोणी बटण मोकळे करून स्टार्ट दाबला, की लाइन सुरू होते. खोक्याची चाहूल घेणारा सेन्सर असलेल्या लाइनवर तर धोका आणखी मोठा आहे, कारण सेन्सरसमोरून हात गेला तरी थांबलेला भाग आपोआप सुरू होतो.

म्हणून आयसोलेटर (मुख्य वीज तोडणारा स्विच) खाली पाडून त्यालाच कुलूप लावावे. त्यानंतर स्टार्ट बटण दाबून लाइन सुरू होत नाही याची खात्री करावी, मीटरने तपासावे, आणि ते बटण पुन्हा बंद स्थितीत आणावे. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे विद्युत उपकरण) असेल तर त्यावरील पाटीवर दिलेला वेळ थांबल्याशिवाय त्याच्या टर्मिनलांना हात लावू नये, कारण कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो. खोकी अडवणारे हवेवरचे स्टॉपर असतील, तर हवेचा व्हॉल्व्ह बंद करून उरलेला दाब सोडून द्यावा. बेल्टमधला ताण हीसुद्धा साठलेली ऊर्जाच आहे. टेक-अप सैल न करता जोडाच्या क्लिपांमधली तार ओढली, तर बेल्टची टोके जोरात उसळतात.

पिंपळगावकर

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या अडचणीकडे कोणी वळलेले दिसत नाही. खोकी थबकतात तिथे बेल्टवर राळेची पूड टाकून पाहिली आहे का? आमच्याकडे जुन्या पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यावर ती टाकत आणि पट्टा लगेच पकड घेत असे.

देखभाल_वैदेही

@पिंपळगावकर, राळेने काही काळ पकड येते हे खरे आहे, पण या कन्व्हेयरवर ती टाकू नये. एक तर ती चालू बेल्टवर टाकण्याचा मोह होतो आणि हात पुन्हा त्याच चिमट्यापाशी जातो. शिवाय राळ आणि पुठ्ठ्याची धूळ मिळून रोलरवर थर बसतो, मग चालही बिघडते. पॅकहाउसमध्ये फळ हाताळले जाते, तिथे अशी पूड उडालेली चालणारच नाही.

खोकी थबकण्याची कारणे साधारण चार असतात. एखाद्या रोलरचे बेअरिंग जाम झालेले असते, बेल्टला तेल लागलेले असते, दाब-रोलर खाली उतरलेले असतात, किंवा रोलरांमधील अंतर खोक्याच्या मानाने जास्त असते. खोक्याखाली कोणत्याही क्षणी किमान तीन रोलर असायला हवेत. लाइन बंद करून, कुलूप लावून, दाब-रोलर थोडे खाली घेऊन प्रत्येक वरचा रोलर हाताने फिरवून पाहा. जो अडखळतो किंवा खरखरतो तो बदला. बंद सीलचे बेअरिंग असलेल्या रोलरला ग्रीस भरायचा प्रयत्न करू नका, ते ग्रीस शेवटी बेल्टवरच येते.

सुरक्षा_अधिकारी_नाशिक

आणखी एक सूचना. ओढणी, पदर, गळ्यातले ओळखपत्र, सैल बाह्या आणि सैल हातमोजे यांबाबत पॅकिंग टेबलांवरच्या सर्वांना हंगामाच्या सुरुवातीला एकदा लाइनजवळ उभे करून समजावून सांगावे. रोलरांच्या फटीतून खाली पडलेली कात्री किंवा लेबल काढण्यासाठी खालून हात घालणे, हा या प्रकारच्या कन्व्हेयरवरचा ठरलेला धोका आहे. त्यासाठी लाइनच्या खालच्या बाजूलाही गार्ड हवा.

दिंडोरी_पॅकहाउस (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी शेवटचा ट्रक गेल्यावर आम्ही काम केले. त्यात काय आढळले ते लिहितो.

खडूची खूण करून पाहिली तेव्हा बेल्टचा प्रत्येक भाग एकाच ठिकाणी डावीकडे जात होता, त्यामुळे जोडावरचा संशय फिटला. आयसोलेटरला कुलूप लावून खालचा गार्ड काढल्यावर पुलीआधीच्या परतीच्या रोलरवर डाव्या टोकाला खोकी बंद करायच्या चिकटपट्टीचे तुकडे एकावर एक गुंडाळले गेलेले दिसले. त्यांत पुठ्ठ्याची धूळ मुरून तपकिरी, कडक कवच झाले होते आणि नखाने दाबले तरी ते खचत नव्हते. त्या टोकाचा व्यास वाढल्यामुळे बेल्ट तिकडे चढत होता. प्लास्टिकच्या पट्टीने ते खरवडून काढले, गार्ड लावला, माणसे मोजली आणि लाइन चालवली. बेल्ट जवळपास मध्यावर आला. उरलेला फरक स्नब रोलरला पाव फेरी देऊन गेला. प्रत्येक वेळी आमच्या फिटरांनी नगरकरांनी सांगितलेला क्रम पाळला. बोल्ट बाहेर काढण्याचे आणि जाळीच्या गार्डचे काम फॅब्रिकेटरकडे दिले आहे.

दाराअलीकडचे दाब-रोलर खाचांमध्ये कंपनाने खाली उतरले होते आणि दोन्ही बाजूंना सारखेही नव्हते. एकाच मापाचा प्लायवूडचा तुकडा ठोकळा म्हणून वापरून सगळ्यांची उंची चॅनेलपासून सारखी केली. तरी अगदी दारापाशी सकाळी खोकी अजून थोडी घसरतात. तिथे रोलरवर दव धरते, असे लक्षात आले आहे.

सातपूरचा_फिटर

काम नीट झाले, अभिनंदन. दाब-रोलरच्या बाबतीत एक सावधगिरी घ्या. खोकी घसरतात म्हणून ते आणखी वर चढवत जाऊ नका. सर्वांत जड खोके सहज चालेल इतकाच दाब हवा. पुढे खोकी अडवल्यावर बेल्ट रोलरांखालून घसरायला हवा, दाब जास्त झाला की तो घसरत नाही. मग खोकी एकमेकांना चेपतात आणि आतली द्राक्षे दबतात. दाब-रोलर जुळवण्याआधी आणि नंतर रिकाम्या लाइनवर मोटरचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजून वहीत लिहा. पॅनेल उघडावे लागत असल्याने ते मोजमाप विद्युत विभागाच्याच माणसाने करावे. आकडा वाढलेला दिसला, तर कुठेतरी दाब वा ताण जास्त झाला आहे. दारापाशी दव धरते तिथे दाब वाढवून उपयोग नाही. थंड हवा बाहेर येऊ नये म्हणून पट्ट्यांचा पडदा बसवा आणि सकाळी लाइन रिकामी असताना, कुलूप लावून रोलर पुसून घ्या.

अनघा_पु

मोटर ते ड्राइव्ह पुलीच्या चेनचा ढिलेपणा किती ठेवावा?

विद्युत_पर्यवेक्षक

दोन चाकांच्या केंद्रांमधील अंतराच्या साधारण दोन टक्के. म्हणजे अंतर ५०० मिमी असेल तर सैल बाजूला सुमारे १० मिमी. मोटरकडून व्ही-बेल्ट असेल, तर मोकळ्या लांबीच्या दर १०० मिमीला मधोमध दाबल्यावर सुमारे १.६ मिमी खाली जाणे योग्य समजतात. चेन असो वा बेल्ट, दोन्ही चाके एका रेषेत आहेत का हे सरळ पट्टी लावून आधी पाहावे. हे सगळे आयसोलेटर कुलूपबंद असतानाच.

पिंपळगावकर

राळेबाबतचे म्हणणे पटले. आमच्या लाइनवर मात्र खडूची खूण केल्यावर जोडच वाकडा निघाला आहे. क्लिपचा जोड आहे. तो पुन्हा करताना काय पाहावे?

सातपूरचा_फिटर

@पिंपळगावकर, बेल्ट कापताना गुण्या कडेला लावू नका, कारण वापरलेल्या बेल्टची कड झिजलेली असते. टोकापासून मागे हात-दोन हातांपर्यंत ठिकठिकाणी रुंदीचे मध्यबिंदू काढा, ते जोडून मध्यरेषा आखा आणि गुण्या त्या रेषेला लावून काटकोनात कापा. दोन्ही टोकांना असेच करा. त्याआधी टेक-अप दोन्ही बाजूंना सारखा सैल केलेला असावा आणि बेल्टची टोके शिकंज्यात धरलेली असावीत. क्लिपची पट्टी बेल्टच्या रुंदीपेक्षा किंचित आखूड घ्या आणि आतली तार दोन्ही कडांच्या थोडी आत राहील अशी कापून तिची टोके वळवा. बाहेर आलेली तार आधी चॅनेलला खरवडते आणि मग साफसफाई करणाऱ्याच्या हाताला लागते.